चौथ्या चेंबरमधून निघताना

सोमवार, ४ मे

साडेनऊला चाकणला पोचले. भोसरीहून बसनं, सोबत दोन ट्रायपॉड आणि तीन पेट्या. कंडक्टरनं पेट्यांकडे बघून विचारलं, मावशी, लग्नाची ऑर्डर का? गोठवलेल्या वाटाण्याचं लग्न आहे, असं सांगितलं. पुढच्या दोन थांब्यांपर्यंत तो मधूनमधून माझ्याकडे वळून हसत होता.

काम मनासारखं आहे. एमआयडीसीतलं हे कोल्ड स्टोरेज नव्या मालकाकडे जाणार आहे. त्याआधी विमावाल्यांना प्रत्येक चेंबरच्या भिंती, सांधे, रॅक आणि दारं यांचे स्वच्छ फोटो हवेत. चेंबर सहा, तापमान उणे अठरा ते उणे बावीस. माझ्याआधी दोन फोटोग्राफर येऊन गेले. दोघांच्याही लेन्समध्ये पहिल्याच दिवशी पाणी शिरलं. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. गिअर, बेअरिंग आणि व्हॉल्व्हच्या कॅटलॉगसाठी तीस वर्षं फोटो काढल्यावर, आणि त्याआधी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केल्यावर, लेन्सवर बाष्प का धरतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

मॅनेजर शेखर पस्तिशीचा आहे. त्याच्या प्रत्येक वाक्यात एक 'इश्यू' असतो. ऑफिसवरची पाहुण्यांची खोली मला दिली आहे. पंखा चालतो, नळाला पाणी आहे, खिडकीतून कंपन्यांच्या बसची रांग दिसते. अजून काय पाहिजे?

लेकीला, तनुजाला, पोचल्याचा फोन केला. डॉक्टरांनी तिला बाळंतपणाची सोळा तारीख दिली आहे. मागच्या वेळी तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, आणि मी एका प्रदर्शनाच्या कामात अडकून दुपारी उशिरा पोचले. त्याबद्दल ती कधीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ह्या वेळी चौदाला काम संपवायचं आणि पंधराला सकाळी तळेगावला तिच्या दारात उभं राहायचं. तसं तिला सांगितलं आहे.

मंगळवार, ५ मे

चेंबर एक आणि दोन पूर्ण.

लोकांना वाटतं की गार जागेत नेल्यानं कॅमेरा बिघडतो. तसं नसतं. धोका बाहेर येताना असतो. उणे वीसचा कॅमेरा चाळीस अंशांच्या हवेत उघडा आणला की हवेतलं बाष्प त्याच्यावर धावून येतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर येतं तसं. वरचं पुसता येतं. आत शिरलेलं पुसता येत नाही.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. कार्ड आणि बॅटरी चेंबरमध्येच काढून घ्यायची. कॅमेरा जाड झिपच्या पिशवीत घालायचा, सिलिका जेलची पुडी टाकायची, हवा दाबून काढायची, मगच दार उघडायचं. दाराबाहेर अँटीरूम आहे, म्हणजे चेंबर आणि माल उतरवायचा धक्का यांच्यामधली चार अंशांची खोली. पिशवी तिथे दोन तास ठेवायची, मग वर माझ्या खोलीत आणखी दोन तास. पिशवीला बाहेरून पाणी सुटतं ते सुटू द्यायचं. आतली वस्तू बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत झिप उघडायची नाही. आत काम करताना श्वास बाजूला सोडायचा, कारण काचेवर पडला की तो तिथेच गोठतो. यात हुशारी काही नाही. धीर लागतो, आणि तोच लोकांकडे नसतो.

दारावर कोंडाजी असतात. चाकण गावातले, साठीपुढचे. त्यांच्या शेतावर आता कंपनीचं पार्किंग आहे, आणि ते इथल्या हमालांचे मुकादम. माझं पिशव्यांचं काम बराच वेळ पाहून म्हणाले, "बाई, बाळंतिनीला बी येवढं कुनी गुंडाळत न्हाई." मी म्हटलं, बाळंतीण बोलून दाखवते, कॅमेरा बोलत नाही. त्यांना ते पटलं.

एक गोष्ट खटकली. इथली माणसं चेंबरमधून निघताना आतल्यांना "जातो रं" म्हणतात. एकजात सगळी. आमच्या घरी असं म्हटलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

बुधवार, ६ मे

चेंबर तीन, आणि चारचा अर्धा भाग.

चारमध्ये भिवा म्हणून एक कामगार भेटला. परभणीकडचा, चाळिशीचा, अंगावर साधं जर्किन. बाकीचे वीस मिनिटं आत काम करतात आणि शेकायला पळतात. हा मी होते तेवढा पूर्ण दीड तास आत होता, आणि मी यायच्या आधीपासूनही. सांगितलं की खोकी सरकवतो, सांगितलं की बाजूला होतो. असा माणूस माझ्या स्टुडिओत मला तीस वर्षांत मिळाला नाही. निघताना मी सवयीनं त्याला "येते हं" म्हटलं. तो नुसता बघत राहिला.

अँटीरूममध्ये कोंडाजींनी ते ऐकलं होतं. हातातली पिशवी बाजूला ठेवायला लावली आणि म्हणाले, परत आत जा आणि "जाते" म्हणून या. मला आधी थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. "भाईर आपुन येतो म्हनतो, कारन परत यायचं आसतं. हितं परत यायचंय व्हय तुमाला?" मी म्हटलं, हो, उद्या नाही तर परवा, चारचं काम अर्धं राहिलंय. ते म्हणाले, मग काम राहिलंय म्हणा, परवा बघू म्हणा, काय पाहिजे ते म्हणा, पण येते म्हणू नका. "ह्या चारला शबूद दिला की त्यो धरून ठिवतो."

मी सरळ नाही म्हणून सांगितलं. एकसष्ट वर्षांत मी कुठल्याही उंबऱ्यावर "जाते" म्हटलेलं नाही आणि तनुजालाही म्हणू दिलं नाही. लहानपणी एकदा ती शाळेला निघताना "जाते" म्हणून जिना उतरली. तिला दोन मजले परत वर बोलावून "येते" म्हणायला लावलं होतं, शाळेची घंटा चुकली तरी. आता ह्या वयात हमालांच्या समजुतीसाठी मी जीभ फिरवणार नाही.

कोंडाजींनी धक्क्याकडचं दार उघडलं. मी बाहेर येईपर्यंत दार धरून उभे राहिले.

गुरुवार, ७ मे

आज इकडच्या पट्ट्यातली आठवड्याची सुट्टी. खोलीत बसून फोटो निवडले.

फोटो उत्तम आहेत, एकाही लेन्सवर डाग नाही. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. प्रत्येक चेंबरच्या फोटोंत जी माणसं आली आहेत त्यांच्या तोंडापुढे वाफ आहे. कोंडाजी दारात बोलताहेत तिथे तर ढगच आहे. उणे वीसमध्ये ती असणारच. भिवा सतरा फोटोंत आहे. एकातही त्याच्यापुढे वाफ नाही.

मी फोटो काढताना तो श्वास रोखून धरत असेल. काचेवर श्वास पडू नये म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं. सतरा वेळा रोखला असेल.

खाली शेखरला सहज विचारलं की भिवाची शिफ्ट कुठली. तो म्हणाला, "तो ओव्हरटाइमवाला आहे मॅडम, त्याचा काही इश्यू नसतो." मी विचारलं, आज सुट्टी आहे, मग आज तो कुठे असेल? शेखरला तेवढ्यात फोन आला. तो चेंबरमध्ये कधी पाऊल टाकत नाही, हे माझ्या आजच लक्षात आलं. फोनवर बोलत बोलत तो पार गेटपर्यंत गेला.

शुक्रवार, ८ मे

चारचं उरलेलं काम संपवलं. भिवा होताच. ह्या वेळी जाताना मी काहीच बोलले नाही.

दुपारी जेवायला बाहेर पडले. एकोणचाळीस अंश. हातांवर घाम आला, तो रुमालानं पुसला, पुन्हा आला. कोपरापासून बोटांपर्यंत बारीक थेंब, सारखे एका आकाराचे. मेमध्ये घाम येणारच. पण मला उकडत नव्हतं. जीभ लावून पाहिली. खारट नव्हतं. नुसतं पाणी होतं.

कॅमेऱ्याच्या पेटीत तापमान आणि हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र असतं. ते मुठीत धरलं. माणसाच्या मुठीत ते चौतीसच्या आसपास थांबतं. सतरावर थांबलं. सेल बदलले. पुन्हा सतरा.

चाकणच्या एका डॉक्टरकडे गेले. त्याच्या थर्मामीटरवर आकडाच उमटेना. थर्मामीटर बिघडलाय म्हणाला, थायरॉईड तपासायला सांगितलं आणि माझ्या हाताला हात लावल्यावर तो झटकन मागे घेतला. नंतर हसला.

मला काय होतंय ते मला पुस्तकातून ठाऊक आहे. हवेपेक्षा गार असलेल्या वस्तूवरच असं पाणी धरतं. फक्त, उघडी वस्तू तासाभरात तापते. मी सकाळी अकराला चेंबरमधून बाहेर आले. आता पाच वाजलेत. आकडा सोळा.

रविवार, १० मे

काल पहाटे तनुजाला मुलगी झाली. आठवडाभर आधी. जावई रविराज यांचा सकाळी सातला फोन आला. दोघी सुखरूप आहेत, बाळाचं वजन सव्वादोन किलो.

मी ह्याही वेळी आधी पोचले नाही.

साडेनऊला तळेगावच्या दवाखान्यात होते. वाटेत दोन टॉवेल भिजले. शेअर रिक्षातल्या बाईनं मला विचारलं की मावशी, पावसात सापडलात का? आभाळात ढग नव्हता. दवाखान्यात शिरताना मी हात गरम पाण्याखाली धरले, पुसले, खसाखसा चोळले.

तनुजा थकली होती, पण हसत होती. म्हणाली, "घे ना आई. किती वेळ नुसती बघतेस?" मी घेतलं. सव्वादोन किलोचं, लालबुंद, मुठी आवळलेलं. ते रडत होतं. माझ्या हातात आल्यावर रडं थांबलं. रविराज म्हणाले, आजीची ओळख पटली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग पाहिलं तर दुपटं ओलं व्हायला लागलं होतं, माझी बोटं होती तिथे तिथे. बाळाच्या कपाळावर बारीक थेंब आले. ओठांचा रंग उतरत होता.

मी ते नर्सच्या हातात जवळजवळ टाकलं. नर्सनं त्याला दिव्याखाली ठेवलं, पाय चोळले. सात-आठ मिनिटांनी ते रडलं. तनुजानं एवढंच विचारलं, "आई, तुझे हात असे का आहेत?"

मी पिशवी उचलली. बरं वाटलं की पुन्हा बघायला येईन, असं सांगायचं होतं. दारात वळून "येते" म्हणायला गेले आणि तोंडातून "जाते" आलं. विहीणबाईंनी चमकून पाहिलं. तनुजाचं तोंड उतरलं. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच शब्द. तो दुसरा शब्द मी आधीच देऊन बसले आहे आणि तो माझ्याकडे उरलेला नाही, असं काहीतरी घशात जाणवलं.

तळेगावहून भोसरीला, माझ्या घरी जायला निघाले होते. चाकणला गाडी बदलताना उतरले, आणि भोसरीची बस समोर उभी असताना कोल्ड स्टोरेजकडे चालू लागले. आकडा नऊ.

सोमवार, ११ मे

पाचव्या चेंबरचं काम होतं. मी चारमध्ये गेले. ठरवून नाही.

आत पाऊल टाकल्याबरोबर अंग कोरडं झालं. दोन दिवसांत पहिल्यांदा. गारवा लागलाच नाही. मला रडू येईल इतकं बरं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

भिवा खोक्यावर बसला होता. तो सरकला आणि त्यानं माझ्यासाठी जागा केली.

त्याला सरळ विचारलं. त्यानंही सरळ सांगितलं. गेल्या दिवाळीत तो सुट्टीवर गावी निघाला. ह्या दारात सोबत्यांना "येतो रे" म्हणाला. नवा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावी तीन दिवस राहिला. अंथरूण भिजायचं, लेकरू जवळ येईना. "बायकू म्हनली, तुमच्याजवळ निजलं की हुडहुडी भरती. मंग आलो की परत. काय करावं बाई? हितं निदान कोरडं तरी ऱ्हातंय." भूक लागत नाही, म्हणाला. झोपही नाही. आधी वाईट वाटायचं, आता तेही नाही.

मग त्यानं विचारलं की फोटोत तो कसा दिसतो. चांगला दिसतोस, असं सांगितलं. वाफेचं बोलले नाही. त्यानंच माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

मी हातावर श्वास सोडून पाहिला. काही दिसलं नाही. लेन्सचं झाकण काढून काचेवर दोनदा हाऽ केलं. काच स्वच्छ राहिली.

मंगळवार, १२ मे

शाई गोठते. पेन्सिलनं लिहिते आहे.

घाबरून उपयोग नाही. वस्तू गार आहे, तिला बाहेरच्या तापमानाला आणायचं आहे. याची पद्धत मला माहीत आहे. हवा लागू न देता बंद करायचं, टप्प्याटप्प्यानं बाहेर न्यायचं, धीर धरायचा.

अँटीरूममध्ये खुर्ची टाकली. मालाच्या खोक्यांना गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक असतं, त्याचं एक रीळ आणलं. कोंडाजींनी पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं. त्यांनी कालपासून मला एकदाही "सांगितलं हुतं" म्हणून टोमणा मारलेला नाही. मारला असता तर जरा हायसं वाटलं असतं. यंत्र आत, मुठीत ठेवलं. दुसरं भिंतीवर. सकाळी आठला भिंतीवर चार, मुठीत उणे एक.

दहाला मुठीत उणे तीन. बाराला उणे सहा.

दोनला कोंडाजी स्वेटर घालून आले आणि भिंतीवरचं यंत्र बघून तिथेच थांबले. भिंतीवर उणे एक. खोली मला तापवत नव्हती. मी खोली गार करत होते.

प्लॅस्टिक कापायला त्यांनी विळा आणला. मला लागू नये म्हणून ते फार सावकाश कापत होते.

बुधवार, १३ मे

कोंडाजी म्हणाले, एकदा तरी त्याला जाते म्हणून बघा. मी चारमध्ये गेले, भिवासमोर उभी राहिले आणि म्हणाले, जाते. जाते. जाते. पाढ्यासारखं म्हटलं. एकसष्ट वर्षं जपलेली जीभ.

दारात उभ्या कोंडाजींनी मान हलवली. ते बोलले तेव्हा त्यांच्या प्रत्येक शब्दामागून पांढरी वाफ निघत होती. "शबूद वाफंवर जातोय, बाई. वाफ न्हाई त्यो शबूद पोचत न्हाई." मागच्या बुधवारी माझ्या तोंडाला वाफ होती. सहा तारखेला. तेव्हा पोचला.

ते तोंडावर पंचा धरून बाहेर गेले. जाताना त्यांनी म्हटलं, "जातो बाई." पहिल्यांदा कळलं की तो शब्द किती जपून म्हणतात.

शुक्रवार, १५ मे

आज तळेगावला असायचं होतं.

अँटीरूममध्ये उभी राहून फोन केला. पाच मिनिटांत पायाखाली पाणी साचतं आणि गोठतं. तनुजाला सांगितलं की काम वाढलंय. ती म्हणाली, "तुझं काम नेहमीच वाढतं." मग म्हणाली की बाळ आता बरं पितं. वजन वाढतंय. बारसं वीसला.

वर खोलीत एकदाही गेले नाही. शेखरनं काचेतून वही दाखवली. चारच्या दाराला वीतभर काच आहे, तिचं तापवायचं वायरिंग जळालंय, म्हणून ती सारखी धुरकटते. मी आतून पुसते, बाहेरचं बाहेरून पुसावं लागतं. तो ओरडून सांगत होता की मॅडम, तुम्ही आत आहातच, तर चारच्या मालाचे नंबर लिहून द्याल का? भिवाचं अक्षर कुणाला लागत नाही.

मी लिहून दिले. रागावले नाही. रागवायला हवं होतं.

रविवार, १७ मे

बाळाचं कपाळ आठवते. ते आठवलं की आत काहीतरी अजून दुखतं. ते दुखणं सोडायचं नाही. भिवाला विचारलं की लेकराचं नाव काय. त्याला बराच वेळ आठवावं लागलं —

तनुजा. तनुजा. रोज लिहून ठेवायचं.

मंगळवार, १९ मे

पुन्हा बाहेर पडून पाहिलं. धक्क्यापर्यंत. डोळ्यांच्या पापण्यांवर बर्फ. कोंडाजी धावले. त्यांनी दंडाला धरून परत आणलं — त्यांच्या तळव्याची कातडी निघाली. हाताला पंचा गुंडाळून दारावर बसले.

हे हात घेऊन कुठे जाऊ?

बुधवार, २० मे

बारसं झालं असेल आता. बाराला पाळण्यात.

कोंडाजींनी फोन कानाला धरला. तनुजा. रडत नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, तू आली नाहीस. सासूबाईंनी नाव कानात सांगितलं, आत्याच्या आधी तुझा मान होता, तो मी राखून ठेवला होता. काय झालंय ते तू सांगत नाहीस, म्हणून उद्या गुरुवारी रविराजना सुट्टी आहे, आम्ही तिला घेऊन तुझ्याकडे —

नको म्हणाले. ओरडले. फोनला माझा आवाज लागत नाही आता. पलीकडे ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

कोंडाजींना सांगितलं, तुम्ही सांगा तिला. त्यांनी सांगितलं, लेकरू आणू नगा. ती म्हणाली, तुम्ही कोण?

गुरुवार, २१ मे

सुट्टी. कोंडाजी नाहीत. हात पिकलाय, गावात डॉक्टरकडे.

आतली कडी दोरीनं बांधली. तीन गाठी. भिवाला सांगितलं, कुणी ओढलं तरी सोडायची नाही. तो हो म्हणाला. का ते विचारलं नाही.

—

आली. काचेतून दिसते. अँटीरूममध्ये. पोपटी साडी. शेखर दारापर्यंत सोडून परत वळला. रविराज बाहेर गाडीत असतील. बाळ दुपट्यात, नुसतं टोपडं दिसतं.

कडी ओढते आहे. गाठी धरल्या आहेत.

"आई, उघड." काचेला तोंड लावून. "हिला बघ तरी." नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग — मी काचेवर ठोकलं. ती पुन्हा सांगते आहे. ओठ दिसतात. पहिलं अक्षर —

बाळाला उचलून काचेशी धरलं. बाळाचा श्वास. काच पांढरी होत चालली, तिकडून. केवढीशी वाफ. केवढी चांगली वाफ आहे तिला.

थांबली होती. आता थकली. पदरानं बाळाला गुंडाळते आहे. निघेल.

निघताना म्हणेल. मी शिकवलंय. दोन मजले वर बोलावून शिकवलंय. अँटीरूममधलंही चारला ऐकू जातं, सहा तारखेला इथलं तिथे कोंडाजींना गेलं होतं — तिच्या तोंडाला वाफ आहे. पोचेल. आणि कडेवर —

ओरडले. नाही पोचत. भिवाही ओरडला. दोघांचं काहीच —

हे पान काचेला लावते. मोठ्या अक्षरांत.

तनू जाते म्हण
येते नको
मी शिकवलं ते चूक जाते म्हण आणि पळ

लावलं. काच तिकडून पांढरी आहे. तिला पुसायला — तनू, काच पूस. बाळाच्या बाजूनं पूस. हातानं नको पदरानं

सावली हलली. वळली. माझ्या दाराकडे तोंड करून उभी आहे. पुसत नाही. बाळाचा हात धरून माझ्याकडे हलवते आहे, टाटा करतात तसा, आणि तोंड उघ